ब्री गावचे ब्रूस

श्रोतेहो, नमस्कार.

रॉबर्ट ब्रूस आणि कोळ्याची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकलेली असते. हरलेला राजा गुहेत लपलाय, समोर कोळी जाळं विणतोय, पडतोय, पुन्हा चढतोय, आणि ते बघून राजा उठतो नि तलवार उचलतो. गोष्ट झकास आहे, पण तिला आधार काही नाही. ब्रूस गेल्यानंतर साधारण पंचेचाळीस वर्षांनी जॉन बार्बर नावाच्या धर्मगुरूने त्याचं भलंमोठं पद्यचरित्र रचलं. त्यात घोडे आहेत, कुऱ्हाडी आहेत, राजाच्या मागावर सोडलेलं शिकारी कुत्रंही आहे. कोळी मात्र कुठे सापडत नाही. तो घरोघरी पोचवला वॉल्टर स्कॉटने, राजा जाऊन पाचशे वर्षं झाल्यावर.

आज मी बोलणार आहे ते ब्रूस या आडनावाबद्दल. स्कॉटलंडचा हा एवढा मोठा राष्ट्रपुरुष, पण त्याचं आडनाव स्कॉटलंडचं नाही. इंग्लंडचंही नाही. ते आलंय फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातून.

नॉर्मंडीचा जो भाग इंग्लिश खाडीत बोटासारखा वर घुसलाय, त्याला कोतांतँ म्हणतात. त्याच्या टोकाला शेरबुर्ग बंदर. तिथून थोडं दक्षिणेला ब्री नावाचं गाव आहे. लिहिताना शेवटी एक्स लावतात, म्हणताना तो गिळतात. या गावचा सरदार तो ‘द ब्रूस’, म्हणजे ब्रीचा. आपल्याकडे जन्मला असता तर सरळ ब्रीकर झाला असता. नॉर्मन सरदारांची आडनावं बहुतेक अशीच, गावावरून पडलेली. गाव सुटलं, समुद्र ओलांडला, नवी जमीन मिळाली, तरी जुन्या गावाचं नाव चिकटून राहिलं.

आता घराणी मोठी झाली की वंशावळी लांबतात, हे आपल्याला काही नवीन नाही. ब्रूसांच्या बाबतीतही तेच झालं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं तेव्हा आमचा मूळपुरुष त्याच्या बरोबरीने हेस्टिंग्जच्या मैदानात होता, असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. त्यासाठी ज्या याद्या दाखवतात त्या नंतरच्या काळातल्या आहेत आणि त्यांच्यात मागाहून घुसडलेली नावं भरपूर. खात्रीने सांगता येतो तो पहिला रॉबर्ट द ब्रूस इंग्लंडात दिसतो ११०० च्या सुमारास, विल्यमचा धाकटा मुलगा पहिला हेन्री गादीवर असताना. हा हेन्री राजा होण्याआधी कोतांतँचा मालक होता. तेव्हाची ओळखीची, भरवशाची माणसं त्याने इंग्लंडात नेली आणि त्यांना वतनं दिली. रॉबर्टला वतन मिळालं यॉर्कशायरमध्ये. तिथे गिझबरो इथे त्याने मठ उभारला.

हेन्रीच्या दरबारात आणखी एक तरुण वाढत होता. स्कॉटलंडचा राजपुत्र डेव्हिड, हेन्रीचा मेव्हणा. ११२४ साली हा डेव्हिड स्कॉटलंडचा राजा झाला आणि जवळजवळ पहिलं काम म्हणून त्याने रॉबर्टला अ‍ॅननडेलची सनद करून दिली. अ‍ॅननडेल म्हणजे इंग्लंडच्या सीमेला लागून असलेलं, अ‍ॅनन नदीचं खोरं. झालं, दोन राजांचं वतन एका घरात आलं.

दोन राजांचं मीठ खाणाऱ्याची परीक्षा कधीतरी व्हायचीच. ती ११३८ साली झाली. डेव्हिडने उत्तर इंग्लंडवर स्वारी केली, आणि नॉर्थॅलर्टनजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. म्हातारा रॉबर्ट ब्रूस इंग्रजांकडून उभा होता. लढाईला तोंड लागण्याआधी तो डेव्हिडच्या छावणीत गेला. एलरेड नावाच्या मठाधिपतीने त्याच्या तोंडचं लांबलचक भाषण लिहून ठेवलंय. त्याचा आशय असा, की महाराज, आज तुम्ही कोणावर शस्त्र उचलताय? ज्या नॉर्मनांच्या जिवावर तुमचं राज्य उभं राहिलं त्यांच्यावरच? डेव्हिडच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. पण राजाच्या पुतण्याने म्हाताऱ्याला गद्दार ठरवलं, आणि रॉबर्टने तिथल्या तिथे डेव्हिडशी असलेलं इमान सोडून दिल्याचं जाहीर केलं. तो परत आपल्या बाजूला आला. समोर, स्कॉटिश फौजेत, अ‍ॅननडेलची माणसं घेऊन त्याचा धाकटा मुलगा उभा होता. त्याचंही नाव रॉबर्ट.

यात घरफूट होती की घराण्याची सोय, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला सोयच वाटते. थोरल्याला यॉर्कशायर, धाकट्याला अ‍ॅननडेल, आणि लढाई कोणीही जिंको, एक वतन शाबूत. त्या दिवशी इंग्रज जिंकले, तरी अ‍ॅननडेल ब्रूसांकडे राहिलंच.

अ‍ॅननडेलच्या ब्रूसांना एक शापही होता. आयर्लंडचा संत मॅलाकी एकदा त्यांच्याकडे जेवायला उतरला. एका चोराला फाशी होणार होती. संताने त्याच्यासाठी रदबदली केली, ब्रूसने हो म्हटलं, आणि मागच्या बाजूने चोराला लटकवून टाकलं. निघताना संताला वाटेत प्रेत दिसलं, आणि त्याने आशीर्वाद परत घेतला. पुढे अ‍ॅनन नदीने पात्र बदललं, गढीचा कडा वाहून गेला आणि ब्रूसांनी मुक्काम लॉखमेबनला हलवला. शाप खरा की खोटा ते सोडा. ब्रूसांनी तो खरा मानला एवढं नक्की, कारण जवळजवळ सव्वाशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या एकाने फ्रान्समध्ये क्लेरव्होला मॅलाकीच्या समाधीवर दिवा तेवत राहावा म्हणून जमीन लावून दिली.

दिवा लावणारा हा माणूस म्हणजे आपल्या गोष्टीतल्या ब्रूसचा आजा. त्याची आई इझाबेल राजा डेव्हिडच्या वंशातली होती, आणि या लग्नामुळे ब्रूसांचं नाव गादीच्या वारसांत आलं. १२८६ साली राजा तिसरा अलेक्झांडर रात्रीच्या वादळात घोड्यावरून निघाला तो किंगहॉर्नपाशी मरून पडलेला सापडला. उरली एकुलती नात, नॉर्वेची मार्गारेट, आणि तीही चार वर्षांनी येता येता वाटेत वारली. गादीवर डझनभराहून जास्त दावे आले. निवाडा कोणी करायचा? स्कॉटिश सरदारांनी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला पंच नेमलं. शेजाऱ्याला वाटणीत बसवलं की काय होतं ते निराळं सांगायला नको. १०४ जणांची सभा बसली, दीडेक वर्ष काथ्याकूट झाला. आजोबांचं म्हणणं, डेव्हिडच्या वंशातल्या तीन बहिणींपैकी मधलीचा मी मुलगा, म्हणून नात्याने जवळचा. जॉन बॅलिअलचं म्हणणं, मी लांबचा असेन, पण थोरल्या बहिणीचा नातू. नोव्हेंबर १२९२ मध्ये निकाल थोरल्या पातीच्या बाजूने लागला. आणि हा बॅलिअलही मुळात फ्रान्सचाच, पिकार्डीतल्या गावावरून आडनाव पडलेला.

आता नातू. जन्म १२७४. बाप नॉर्मन घराण्याचा, आई मार्जरी ही कॅरिकची गेलिक वारसदारीण. तिच्याबद्दल म्हणतात, की देखणा ब्रूस वाटेत दिसला तेव्हा तिने त्याला धरून आपल्या गढीवर नेलं आणि लग्नाला हो म्हणेपर्यंत सोडलं नाही. म्हणजे पोराला जिद्द कुठून मिळाली ते शोधायला गुहेत जायला नको.

शाळेतल्या गोष्टीत न बसणारा भाग असा, की हा रॉबर्ट तरुणपणी कितीदा तरी बाजू बदलून आला. १२९६ मध्ये एडवर्डशी इमानाची शपथ, पुढच्या वर्षी बंड, १३०२ मध्ये पुन्हा शरण. घराण्याची रीतच ती. मग १० फेब्रुवारी १३०६ ला डम्फ्रीजच्या चर्चमध्ये तो आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याला भेटला. बोलणी करायला म्हणून दोघं आले, आणि वेदीपुढे ब्रूसने त्याला खंजीर मारला. आता माघार नव्हती. पोप बहिष्कृत करणार, कॉमिनचे भाऊबंद सूड घेणार, एडवर्ड तर चवताळणारच. सात आठवड्यांच्या आत ब्रूसने स्कोनला जाऊन राज्याभिषेक करून घेतला. मुकुट चढवण्याचा मान मॅकडफ घराण्याचा. त्या घरातली इझाबेला, बखनची काउंटेस, नवरा विरुद्ध पक्षात असताना पळून आली आणि तिने मुकुट ठेवला.

त्याची किंमत तिने मोजली ती अशी. एडवर्डने तिला पकडून बेरिकच्या किल्ल्यात लाकूड आणि लोखंडाचा पिंजरा करून त्यात ठेवलं. ब्रूसची बहीण मेरी, तिलाही रॉक्सबरोला तसाच पिंजरा. बायको आणि लहान मुलगी कैदेत. तीन भाऊ फासावर. राजा मात्र बेटांमध्ये बेपत्ता. कोळ्याची गोष्ट या हिवाळ्यातली. इतकी माणसं गेल्यावर उभा राहिलेला माणूस कोळी बघून उठला, हे मला पहिल्यापासून पटत नाही.

बॅनकबर्नची लढाई जून १३१४ ची. ती सगळी सांगत बसत नाही, पण पहिल्या दिवशीचा एक प्रसंग बघू. ब्रूस आपल्या फळीपुढे लहानशा तट्टावर फिरतोय, हातात फक्त कुऱ्हाड. इंग्रजांकडून हेन्री द बोहुन नावाच्या तरुण सरदाराने त्याला ओळखलं, भाला रोखला आणि जडशीळ घोडा भरधाव सोडला. ब्रूस जागचा हलला नाही. भाला अंगावर येणार त्या क्षणी त्याने तट्टू बाजूला काढलं, रिकिबीत उभा राहिला, आणि बोहुनचं शिरस्त्राण डोक्यासकट फोडलं. सरदार रागावले, महाराज, तुम्हाला काही झालं असतं तर? ब्रूस म्हणाला, माझी चांगली कुऱ्हाड मोडली.

आता गंमत बघा. हे बोहुन घराणंसुद्धा कोतांतँचं. ब्रीच्याच मुलखातलं, बोऑं गावावरून नाव पडलेलं. शिवाय ब्रूसने बंड केल्यावर एडवर्डने अ‍ॅननडेल जप्त करून दिलं होतं कोणाला? हेन्रीच्या काकाला, हंफ्री द बोहुनला. म्हणजे बॅनकबर्नच्या त्या मैदानात एका मुलखातून आलेली दोन घराणी वतनावरून भिडली होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजांची दाणादाण उडाली, काका हाती लागला, आणि त्याच्या बदल्यात ब्रूसची बायको, मुलगी आणि बहीण आठ वर्षांनी घरी आल्या.

पुढचं थोडक्यात. भाऊ एडवर्ड आयर्लंडचा राजा व्हायला गेला आणि १३१८ मध्ये तिथे मारला गेला. १३२८ च्या तहात इंग्लंडने स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य केलं, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट वारला. त्याचं काळीज काढून जेम्स डग्लस धर्मयुद्धाला घेऊन निघाला. तो स्पेनमध्ये पडला, काळीज परत मेलरोजच्या मठात आलं. मुलगा दुसरा डेव्हिड १३७१ मध्ये निपुत्रिक गेला, आणि गादी मुलीच्या वंशात, स्ट्युअर्टांकडे गेली. ब्रूसांचं राजेपण एवढंच, दोन पिढ्यांचं.

पण आडनावाला मरण नव्हतं. क्लॅकमॅननला ब्रूसांची एक शाखा होती. तिचं राजघराण्याशी नातं नेमकं कोणत्या पातीतून जुळतं ते कोणाला मांडता आलेलं नाही. दुसऱ्या डेव्हिडने १३५९ च्या सनदेत त्यांना आपले रक्ताचे म्हटलंय, तेवढं पुरलं. या घरातली कॅथरिन ब्रूस नावाची म्हातारी नव्वदी ओलांडलेली असताना, १७८७ साली, कवी रॉबर्ट बर्न्स तिच्याकडे गेला. तिने राजाची म्हणून सांभाळलेली दुहाती तलवार उचलून बर्न्सच्या खांद्याला लावली आणि त्याला ‘सर’ करून टाकलं. वर ऐकवलं, की काही लोकांपेक्षा हा हक्क माझा जास्त आहे. काही लोक म्हणजे लंडनच्या गादीवरचे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

त्याच काळातला जेम्स ब्रूस, किनेर्डचा. वास्तविक याचा आजा ‘हे’ आडनावाच्या घराण्यातला. ब्रूसांच्या वारस मुलीशी लग्न केलं आणि वतनाबरोबर आडनावही पुढे तेच चाललं. घरजावयाचा नातू, पण ब्रूस असल्याचा तोरा केवढा! सहा फुटांहून उंच, तांबडे केस, मोठा आवाज. इथिओपियात जाऊन नोव्हेंबर १७७० मध्ये तो निळ्या नाईलच्या उगमापाशी पोचला आणि करवंटीत तिथलं पाणी घेऊन त्याने इंग्लंडच्या राजाच्या नावाने प्यालं. आपणच पहिले युरोपीय, असा त्याचा दावा होता. तो खोटा. दीडशे वर्षं आधी, १६१८ मध्ये, पेद्रो पाएझ हा जेझुइट पाद्री तिथे जाऊन आला होता, आणि हा पाएझ इथिओपियाला गेला होता आपल्या गोव्याहून. ब्रूसने पाएझला खोटं पाडायची खटपट केली. दैव असं, की लंडनला परतल्यावर लोकांनी त्यालाच खोटं पाडलं. जिवंत गाईचं मांस कापून खातात, हे त्याने सांगितलं आणि सगळे हसले. चिडून तो गावी जाऊन बसला, सोळा वर्षांनी पाच खंडांचा ग्रंथ काढला. पुढच्या प्रवाशांनी त्याचं बरंचसं खरं असल्याचं सांगितलं, पण तोवर हा गेला होता. आफ्रिकेत ज्वर, लढाया, वाळवंट यांतून सुटलेला माणूस १७९४ मध्ये घरी आलेल्या पाहुणीला पोचवायला जाताना स्वतःच्या जिन्यावरून पडून मेला.

आता एल्गिन. हे नाव आपल्या ओळखीचं, पण ती पदवी. आडनाव ब्रूस, क्लॅकमॅननच्या शाखेतलं. सातव्या एल्गिनने अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं उतरवून नेली आणि १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना ब्रिटिश सरकारला विकली. ग्रीस ती अजून परत मागतोय. त्याचा मुलगा आठवा एल्गिन. याने १८६० मध्ये पेकिंगचा बादशाही उन्हाळी महाल जाळायचा हुकूम दिला, मग हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धर्मशाळेला वारला. देवदारांतल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

आणि त्याचा मुलगा व्हिक्टर अलेक्झांडर ब्रूस, नववा एल्गिन. हा १८९४ ते १८९९ व्हाइसरॉय होता. मराठी माणसाला ही वर्षं वेगळी सांगावी लागत नाहीत. १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली ती याच्या कारकिर्दीत. १८९६-९७ चा दुष्काळ याच्या काळातला. मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात गोरे शिपाई घरांत घुसले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. पाठोपाठ मुंबई सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. खटल्यातला मजकूर कोणता? ‘केसरी’त आलेली शिवराज्याभिषेक उत्सवाची हकिगत, आणि तीत अफजलखानाच्या वधाबद्दल झालेली चर्चा. महाराजांनी भेटीत खानाला मारलं त्यात पाप होतं का, हा तिथला सवाल. खटला काही एल्गिनने स्वतः भरला नव्हता, आणि डम्फ्रीजची आणि प्रतापगडाची तुलना ताणायचीही माझी इच्छा नाही. खान चालून आला होता, कॉमिन आला नव्हता. पण भेटीत कॉमिनला मारणाऱ्या ब्रूसची तलवार ज्या घराण्यात देव्हाऱ्यात ठेवल्यागत जपली जाते, त्या घराण्याच्या कर्त्याच्या अमदानीत टिळक या चर्चेपायी तुरुंगात जावेत, याची नोंद तरी घेतली पाहिजे.

आडनाव रक्ताने जातं तसं जुलमानेही जातं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १८४१ साली पॉली ब्रूस नावाच्या गुलाम बाईला मुलगा झाला. ब्लांच ब्रूस. गुलामगिरीतून सुटून तो मिसिसिपीत शेतमालक झाला आणि १८७५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसला. पूर्ण सहा वर्षांची मुदत पुरी करणारा हा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर. पुढे तो ट्रेझरीचा रजिस्ट्रार झाला, तेव्हा अमेरिकेच्या नोटांवर सही येऊ लागली बी. के. ब्रूस अशी.

नंतर ते आडनाव नुसतं नाव म्हणूनही वापरात आलं. १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या एका चिनी बाळाला, घरचं नाव जुन-फान असताना, ब्रूस हे नाव मिळालं. त्याचे सिनेमे तुम्हाला मी सांगायला नकोत.

आता शेवटचा ब्रूस, आणि तो गोठ्यातला आहे. डेव्हिड ब्रूस, स्कॉटिश आईबापांचा, जन्म मेलबर्नचा, लष्करी डॉक्टर. माल्टा बेटावर शिपाई महिनोन्‌महिने तापाने कुजत होते. १८८७ मध्ये त्याने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून त्या तापाचा जंतू वेगळा काढला. तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये त्याच्याच आयोगातल्या झमिट या माल्टी डॉक्टरने शोधलं. जंतूला नाव मिळालं ब्रुसेला, रोगाला ब्रुसेलोसिस. आपले पशुवैद्य त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय-म्हैस शेवटच्या तिमाहीत गाभडते, आणि वार हाताळणाऱ्या माणसाला ताप धरतो. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना यावरची लस एकदाच टोचतात, ती सरकारी दवाखान्यातून मिळते. गोठ्यात तेवढं वासरू असेल तर चौकशी करून ठेवा. गाभडलेल्या जनावराला उघड्या हाताने हात लावू नका, आणि दूध उकळूनच प्या.

नमस्कार.